पर्सचे पोपडे

चुलत भावाच्या लग्नात आईच्या मोतिया साडीवर डाव्या कुशीला काळे कण दिसले. मला वाटलं, कुणाची तरी मशेरी सांडली. झटकायला गेले तर ते बोटाला चिकटले, आणि आईने पटकन पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. इतक्या घाईने घेतली की मला कळलंच.

घरी आल्यावर पर्स ट्यूबलाइटखाली धरली. पट्ट्याचं वरचं काळं आवरण चाळीच्या भिंतीसारखं पोपडे धरून सुटत होतं आणि खालचं भुरकट कापड दिसत होतं. काही ठिकाणी ते भुरकट कापडही काळं केलेलं होतं. बूट पॉलिशने. गेलं वर्षभर कुठल्याही लग्नाला, बारशाला जायच्या आधी आई पर्सला पॉलिश मारत होती, मला कळू नये म्हणून.

"तू हौसेने आणलीस," ती म्हणाली. "आणि एवढी महागाची. मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी झालं."

हे शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले. वस्तू खराब निघाली आणि जिने ती वापरली तिला स्वतःचीच चूक वाटली. एवढी ताकद एका नावात येते कुठून?

पर्स मी २०२२ च्या दिवाळीत घेतली होती, पहिला धडका बोनस मिळाला तेव्हा. परळ-दादर पट्ट्यात मॉलना तोटा नाही, त्यातल्याच एकात. किंमत ८,९९० रुपये. म्हणजे नऊ हजारच, फक्त 'नऊ' हा आकडा तोंडातून निघू नये म्हणून दहा रुपये कमी. ब्रँडचं नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही म्हणणार, "हां, तो बेकारच आहे, त्यापेक्षा अमका घ्यायचा होतास," आणि मुद्दा तिथेच संपेल. अमक्याबद्दलच तर बोलायचं आहे.

दुकानात नेली तर काउंटरवरचा मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "मॅम, वॉरंटी सहा महिन्यांची असते, तीही झिप आणि शिलाईची. हे नॉर्मल वेअर अँड टेअर आहे. मॉइश्चरमध्ये ठेवली असेल." मुंबईत पर्स मॉइश्चरमध्ये नाही ठेवायची तर काय जैसलमेरला ठेवायची?

पण तो पोरगा नकळत खरं बोलून गेला होता. ज्याला टॅगवर 'वीगन लेदर' म्हटलेलं असतं ते बहुतेक वेळा साधं कापड असतं, वरून पॉलियुरेथेनचा पातळ थर, आणि त्या थरावर कातड्याच्या सुरकुत्यांचा ठसा. आपल्या आयांनी ज्याला आयुष्यभर रेक्झिन म्हटलं त्याचाच हा चुलत भाऊ, इंग्रजी शाळेत शिकलेला. या पॉलियुरेथेनच्या स्वस्त प्रकारात एक खोड असते. हवेतली वाफ त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत जाते. याला हायड्रोलिसिस म्हणतात. तुम्ही पर्स वापरा किंवा वापरू नका, दमट हवेत हे चालूच राहतं. आई ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवायची. तिने जितकी जपली तितकी ती कोंदट हवेत राहिली. जास्त टिकणारं पॉलियुरेथेनही मिळतं, ते महाग असतं. म्हणजे कुठल्यातरी मीटिंगमध्ये कुणीतरी एक्सेल शीट उघडून ठरवलं असणार की मुंबई, चेन्नई, कोची असल्या शहरांत विकायच्या पर्सला स्वस्तातलं चालेल. मी स्वतः असल्या मीटिंगमध्ये बसते, फक्त आमच्याकडे पर्सऐवजी सर्व्हरचा खर्च असतो. ते कसं ठरतं हे मला माहीत आहे. कुणी दुष्ट नसतं. फक्त तीन वर्षांनी काय होईल हा प्रश्न कुणाच्याच शीटमध्ये नसतो.

मग पर्स घेऊन आम्ही लालबागला एका बॅग-रिपेअरवाल्याकडे गेलो. पुलाखाली बसतात ते काका. त्यांनी आतलं अस्तर ब्लेडने उसवलं आणि पर्स आतून बाहेर उलटी केली, कोळीण सुरमई साफ करते तशी. तळाला पुठ्ठा होता. खराखुरा पुठ्ठा, मिठाईच्या खोक्याचा असतो तसा. बाजूंना बोटभर रुंद फोमच्या पट्ट्या. अस्तर म्हणजे भाजीवाले आता ज्या पिशव्या देतात तसलं न विणलेलं, ओढलं की फाटणारं काहीतरी. पट्टा ज्या ठिकाणी पर्सला जोडलेला, जिथे सगळा भार येतो, तिथे आतून आधाराचा एक तुकडाही नव्हता.

काका म्हणाले, "ताई, पट्टा नवा लावून देईन, पण टाका मारू कुठं? खाली पकडायला कापडच नाय." मग पर्स हातात उलटसुलट करत म्हणाले, "झिप चांगली आहे पण." या झिपकडे मी पुढे येणार आहे.

ब्रँड ही मुळात वाईट कल्पना नाही, हे आधी कबूल करते. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्या कामासाठी पुढे २००१ साली त्याला नोबेल विभागून मिळालं. त्याचं म्हणणं साधं आहे: विकणाऱ्याला माल आतून कसा आहे ते माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा चांगल्या मालालाही पूर्ण पैसे द्यायला कचरतो, चांगला माल बाजारातून उठतो आणि भिकार माल उरतो. यावरचा एक उपाय म्हणून तो ब्रँडच्या नावाचा उल्लेख करतो. एकदा फसलो तर पुढच्या वेळी त्या नावाचं काही घेणार नाही, या भीतीने विकणारा सरळ राहतो. पारले-जीच्या पुड्याला हे लागू पडतं. उद्याचा पुडा आजच्यासारखा नसेल तर बोंब होईल.

पण कपड्यांच्या दुकानात 'तोच' शर्ट पुन्हा मिळतो कधी? दर काही आठवड्यांनी रॅक बदलतो. मागच्या वर्षीचा चांगला निघालेला कुर्ता दाखवून "असाच द्या" म्हटलं तर विकणारी मुलगी आपल्याकडे दयेने बघते. एकच वस्तू दोनदा घेताच येत नसेल तर परीक्षा कुणाची घेणार? कापड बदलतं, कारखाना बदलतो, देश बदलतो, तेच राहतं ते एक नाव. आमच्या धंद्यात याला शिळा कॅशे म्हणतात. खरी माहिती कधीच बदलून गेलेली असते, पण सिस्टिम जुन्याच साठवलेल्या उत्तरावर चालत राहते, कारण ते पटकन मिळतं. आपण मॉलमध्ये नेमकं हेच करतो. नाव वाचलं की कापडाला हात लावायची गरज वाटत नाही. खरं तर नऊ हजारांतले बरेचसे पैसे, न बघण्याची सोय मिळावी म्हणूनच दिले होते मी.

माझ्या आजोबांना ही सोय कधीच नको होती. ते परळच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. साचेखात्यात विणलेलं कापड शेवटी त्यांच्याकडे यायचं. ते टेबलावर ओढत न्यायचं आणि दोष शोधायचे: तुटलेला ताणा, चुकलेला बाणा, तेलाचा डाग. माझ्या लहानपणी ते रिटायर्ड म्हणावं असे रिटायर्डही नव्हते, नुसते घरी बसलेले होते, पण हाताची सवय गेली नव्हती. दिवाळीचे कपडे आणले की आधी ते आजोबांपुढे ठेवायचे. ते कापड खिडकीच्या उजेडाकडे धरायचे, मग अंगठा आणि पहिल्या बोटात जोरात चोळायचे. "खळ आहे बघ," म्हणायचे. स्वस्त विरळ कापडाला खळ चढवून भरीव दाखवतात. चोळलं की ती पिठासारखी पडते, आणि पहिल्या धुण्यात कापडाचं मच्छरदाणीसारखं खरं रूप दिसतं. मला तेव्हा याची भयंकर लाज वाटायची. बाकीच्या मुलींचे आजोबा फ्रॉक बघून "छान" म्हणायचे, माझे त्याची तपासणी करायचे.

हल्ली खळीची जागा सिलिकॉनच्या सॉफ्टनरने घेतली आहे. दुकानातला टी-शर्ट लोण्यासारखा लागतो तो पुष्कळदा त्यामुळे. चार धुण्यांत ते निघून जातं आणि खाली खरखरीत, आखूड धाग्याचं सूत उरतं, ज्यावर बोंडं धरतात. युक्ती तीच, आजोबांनी ती पकडलीच असती.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संपाची हकिगत मी पुन्हा सांगत नाही, गिरणगावातल्या प्रत्येक घराकडे ती आहे. मला त्यातली एकच बारीक गोष्ट इथे हवी आहे. साचे बंद असताना बाजारात गिरण्यांचं कापड यायचं थांबलं नव्हतं. भिवंडीसारख्या ठिकाणच्या पॉवरलूमवर कापड विणून घ्यायचं आणि त्यावर गिरणीचा छाप मारून विकायचं, हे सर्रास झालं. आजोबा कापडाच्या दुकानात ताग्याच्या टोकावर आपल्या गिरणीचा छाप बघून आले होते, संप ऐन भरात असताना. "कापड आमचं नव्हतं," एवढंच ते सांगायचे. छापाकडे न बघता, चोळून त्यांनी ते ओळखलं होतं. बाकी गिऱ्हाइकांनी छाप वाचला आणि तागा घेतला.

आज आपण ज्याला ब्रँड म्हणतो त्याची सगळी गंमत मला या एका प्रसंगात दिसते. नाव एकीकडे, कापड दुसरीकडे, आणि दोघांचा संबंध छाप मारण्यापुरता. जगात हे काही मुंबईने शोधलं नाही. पिएर कार्दां या फ्रेंच डिझायनरने आपलं नाव टायपासून पेनांपर्यंत शेकडो वस्तूंना भाड्याने दिलं आणि त्यावर गडगंज झाला. पण आपल्याकडे हे ज्या जमिनीवर झालं ती बघण्यासारखी आहे. लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ ची. आज तिथे मॉल आहे, त्याच्या पोटात पॅलेडियम आहे, परदेशी नावांची रांग आहे, आणि मधोमध गिरणीची चिमणी अजून उभी आहे, सेल्फीत मागे येते. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल करून ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती ठेवली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. पुढचं आपण रोज ट्रेनमधून बघतोच. बॉम्बे डाइंग १८७९ सालची कंपनी. तिने वरळीची सुमारे २२ एकर जमीन २०२३ मध्ये ५,२०० कोटींना विकायचा करार केला. चादरींवर नाव अजून आहे.

म्हणजे जिथे कापड पारखणारी हजारो माणसं एका भोंग्यावर गोळा होत होती, तिथेच आता आपण कापड न पारखता घेतो. यात कुणी कट केला असं मी म्हणत नाही. पण पारखण्याचं ज्ञान माणसांच्या बोटांत असतं, आणि ती माणसं हमाली करायला, वडापाव विकायला, वॉचमन म्हणून उभी राहायला गेली की ते ज्ञान पुढच्या पिढीत उतरत नाही. माझ्यात नाही उतरलं. मी लाजत होते.

आता इथे गळा काढून 'काय ते गिरणीचं कापड' म्हणणं सोपं आहे. ते मात्र मी करणार नाही, कारण आजोबांचीच गोष्ट त्याच्या आड येते. सत्तरच्या दशकात टेरिकॉटची लाट आली, अहमदाबादजवळच्या नरोड्याहून विमलचं झगमगीत कापड आलं, आणि आयुष्यभर सुती कापड तपासणाऱ्या या माणसाने पगार साठवून स्वतःसाठी टेरिकॉटची पँट शिवली. मे महिन्यात, परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत, टेरिकॉट! घामाने पाय चिकटायचे, पण इस्त्री मोडायची नाही. आजीच्या सांगण्यानुसार तिला चोळून बघायची कुणाची हिंमत नव्हती. त्यांना कापड कळत होतं, आणि तरीही त्यांना साहेबासारखं दिसायचं होतं. एकाच माणसाला दोन्ही गोष्टी हव्या असू शकतात.

मलाही तेच हवं होतं, हे आता सांगायलाच पाहिजे. माझं ऑफिस एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे, आजोबांच्या नव्हे, तिच्या जवळच्याच. मी कुठे राहते असं कुणी विचारलं आणि मी लालबाग म्हटलं की "ओह, राजा!" एवढंच उत्तर येतं. २०२२ च्या हिवाळ्यात ऑफिसचा फॅमिली डे होता. आईची जुनी पर्स रस्त्यावरून घेतलेली, मरून रंगाची, रेक्झिनची, कडेला शिवलेली. ती घेऊन आई आमच्या काचेच्या रिसेप्शनमध्ये उभी आहे, हे चित्र मला नको होतं. पर्स आईसाठी आणली असं मी सगळ्यांना सांगितलं. आईला बहुधा तेव्हाच कळलं असेल की ती कुणासाठी आणली आहे. त्या दिवशी तिने ती छातीशी धरली होती, फोटोत नाव दिसेल अशी.

आणि ब्रँडची कागदी पिशवी, जाड, दोरीच्या मुठीची, ती तर पर्सपेक्षा जास्त टिकली. कपाटामागे घडी करून ठेवलेली असते. नातेवाइकांकडे फराळ त्यातूनच जातो.

पर्सच्या प्रकरणानंतर मी तीन शनिवार शिंप्याची टेप खिशात घालून हिंडले. मॉलमधली दुकानं, हिंदमाता, मग गिरगाव. शर्टाच्या बाजूच्या शिलाईवर टेप ठेवायची आणि एका इंचात किती टाके ते मोजायचे. चांगल्या शर्टात अठरा-वीसपर्यंत जातात, कामचलाऊ शर्टात दहा-बारा. कमी टाके म्हणजे मशीन लवकर मोकळं, आणि शिवण लवकर उसवणार. तीन साडेतीन हजारांच्या शर्टात मला दहा-अकराच सापडले, एकदा नव्हे, रांगेने. खिशावरचे चौकडे अंगाच्या चौकड्यांशी जुळत नव्हते. कॉलर आतून गोंदाने चिकटवलेली. चिकटवण्यात स्वतःत गैर काही नाही, पण हलकं काम असेल तर धुतल्यावर कॉलरला फोड येतात. ठळक अक्षरांत 'लिनन' आणि आत शिवलेल्या चिंधीवर बारीक अक्षरांत लिननचा वाटा पंधरा टक्के. उरलेलं काय होतं ते वाचायला मला फोनची टॉर्च लावावी लागली. सिक्युरिटीवाल्याने दोनदा येऊन विचारलं, "मॅडम, कुछ चाहिए?"

माझं मत मांडते, तुमचं वेगळं असेल. सगळ्यात जास्त फसवणूक तळाला नाही आणि शिखरावरही नाही, ती मधल्या पायरीवर आहे. हिंदमात्याला तीनशेचा कुर्ता घेताना तो तीनशेचाच आहे हे दोघांनाही माहीत असतं. दुकानदारच सांगतो, "रंग जाईल ताई, वेगळा धुवा." एवढा प्रामाणिकपणा मला मॉलमध्ये एकदाही भेटला नाही. मधली पायरी म्हणजे अडीच ते दहा-बारा हजार: पहिल्या पगाराची, बोनसची, ईएमआयवाल्यांची. तिथे माल तळाच्या जवळचा असतो आणि भाषा शिखराची. भाडं, एसी, दिवे, जाहिरातीतला चेहरा, कागदी पिशवी, सगळ्यांचं भागवून जे उरतं त्यात पर्स शिवायची असते. पुठ्ठा येणारच.

गिरगावात मी एका शिंप्याकडून शर्ट शिवून घेतला. सव्वादोन मीटर कापड नऊशेचं, शिलाई साडेपाचशे. टाके सतरा. चौकडे जुळलेले. पण मास्तरांनी तो बारा दिवस उशिरा दिला आणि उजवी बाही किंचित लांब आहे. विचारलं तर म्हणाले, "हात तुमचा आखूड आहे बाळा." हेही नोंदवून ठेवते.

मग शिखरावर तरी खरं असतं का? २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयासमोर आलेल्या कागदपत्रांत डिऑरची एक बॅग होती. मिलानच्या आसपासच्या एका चिनी मालकीच्या कारखान्याला ती जोडायचे ५३ युरो मिळत होते, दुकानात तिची किंमत २,६०० युरो. यात चामडं आणि बाकीचा माल धरलेला नाही, हे लक्षात ठेवायला हवं, नाहीतर आपणही व्हॉट्सअॅप फॉरवर्डसारखे ओरडू. पण ज्या मजुरीच्या नावाने, 'इटलीत हाताने बनवलेलं' या शब्दांवर, किंमत चढवली जाते ती मजुरी ५३ युरोची निघाली. याच डिऑरने ३० मार्च २०२३ ला गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला. त्यातलं भरतकाम मुंबईच्या चाणक्य या संस्थेच्या कारागिरांचं होतं, तसं सांगितलंही गेलं, आणि जे फोटोत दिसलं ते अप्रतिम होतं. म्हणजे तिथे काम चांगलं असू शकतं. फक्त ते काम चांगलं आहे हे किमतीवरून कळत नाही. किमतीवरून फक्त किंमत कळते.

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरी चपला चालवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता, आणि आपण सगळे पेटलो. मीही स्टोरी टाकली होती. २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालेली वस्तू, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात, आणि नामोल्लेख नाही! राग बरोबरच होता. पुढे प्राडाने प्रेरणा मान्य केली, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर सुमारे २,००० जोड इथे बनवून घ्यायचं जाहीर झालं, जोडाची किंमत ८०० युरोच्या आसपास. नाव मिळालं. पण त्या आठवड्यात माझ्या पूर्ण फीडमध्ये एकाही माणसाने ही चप्पल शिवतात कशी, चामडं कुठलं, तळ किती थरांचा, यावर एक ओळ लिहिली नव्हती. सगळं भांडण लेबलचं. दादर स्टेशनबाहेर त्याच वेळी अडीचशेला 'कोल्हापुरी' मिळत होती, रेक्झिनचा पट्टा, रबरी तळ, वर गोंडा. कोल्हापूर हेही आता एक छापच आहे, आणि तो मारायला मिलानच्याच माणसाची गरज नाही. खऱ्या कोल्हापुरीने मला पहिला आठवडा चावून काढलं, तेल पाजावं लागलं, आणि पावसात ती घालता येत नाही. दुकानदाराने हे सगळं आधी सांगितलं होतं.

तर झिप. काका म्हणाले होते चांगली आहे, म्हणून मी तिच्या सरकणाऱ्या तुकड्यावरची अक्षरं वाचली: वायकेके. १९३४ साली टोकियोत सुरू झालेली झिपची कंपनी. जगभरच्या जीन्सवर, सामानाच्या बॅगांवर हीच अक्षरं असतात, बहुतेकांनी ती कधी वाचलेली नसतात. ही झिप लावली आहे म्हणून कुणी पर्स छातीशी धरून फोटो काढत नाही. घेणारा असतो कारखानदार. तो हजारांनी घेतो, पुन्हा पुन्हा तीच घेतो, आणि बिघडली तर त्याचा अख्खा लॉट परत येतो. अकरलॉफची भीती तिथे अजून शिल्लक आहे.

आईने पर्स फेकू दिली नाही. काकांकडून झिप उसवून घेतली, त्याचे तीस रुपये दिले, आणि माझ्या जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिला ती लावली. पर्सवरचं धातूचं नाव दोन स्क्रूंवर होतं, तेही काढलं. ते बटणांच्या डब्यात आहे, त्याला काही झालेलं नाही. जीन्सची पिशवी ती परळच्या मंडईत नेते. परवा लोकलमध्ये एका बाईने विचारलं म्हणे, कुठून घेतली. आईने कुठलं तरी नाव सांगितलं, काय ते मला सांगत नाहीये.